कडकनाथ म्हणून घेतली, तुरा लाल निघाला: जात कुठे बघायची, कशी बघायची

तक्रार वर्षानुवर्षं तीच. पन्नास पिल्लं कडकनाथ म्हणून घेतली. दोन महिने सगळी काळीभोर दिसली. चौथ्या महिन्यात नरांचे तुरे लालभडक झाले, पायाच्या नळ्या राखाडी पडल्या, माद्या मात्र काळ्याच राहिल्या. विकणाऱ्याला फोन केला तर तो खाद्यावर ढकलतो, शेजारी उन्हावर ढकलतो. खाद्याने पिसांची चकाकी कमी-जास्त होते, वजन मागेपुढे होतं. काळी कातडी त्याने गुलाबी होत नाही.

दुसरी तक्रार उशिरा येते. घेतलेले पक्षी नर-मादी दोन्ही चांगले काळे. त्यांचीच अंडी घरच्या इन्क्युबेटरमध्ये लावली आणि दर चार पिल्लांत एखादं गोऱ्या कातडीचं निघालं.

या दोन्हींमागे संकरच आहे, पण वेगवेगळ्या तऱ्हेचा. पक्षी खुराड्यात येऊन पडले असतील तरी कशात काय मिसळलंय ते नुसत्या लक्षणांवरून बरंचसं ओळखता येतं. आधी काळेपणा येतो कुठून ते समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढच्या सगळ्या तपासण्या पाठ केलेल्या यादीसारख्या होतील आणि बाजारात उभं राहिल्यावर उपयोगी पडणार नाहीत.

काळेपणा येतो कुठून

कडकनाथ मूळचा झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यातला. तिकडे त्याला कालामासी म्हणतात. त्याची कातडी, चोच, पाय, हाडावरचा पापुद्रा, श्वासनळी, आतड्याचे पडदे असं सगळं काळवंडलेलं असतं. याला फायब्रोमेलॅनोसिस म्हणतात. कोंबडीच्या २० व्या गुणसूत्रावर एंडोथेलिन-३ या जनुकाजवळचा तुकडा दुप्पट झाल्यामुळे रंगपेशी गर्भातच नको तिथे पसरतात, हे २०११ मध्ये जनुकीय पातळीवर सिद्ध झालं. चीनकडची सिल्की, इंडोनेशियाची आयाम सेमानी आणि आपला कडकनाथ, तिघांतही हाच बदल आहे.

हा गुण प्रबळ आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पिल्लू काळं होऊ शकतं. बाजारातली सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी आहे.

पण त्याच्या जोडीला दुसरं एक जनुक काम करतं, ते म्हणजे कातडीतला काळा रंग दाबणारा रोधक. तो लिंगगुणसूत्रावर, म्हणजे झेडवर असतो. पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलीला तिचा एकुलता झेड बापाकडून मिळतो, मुलाला एक बापाकडून आणि एक आईकडून. शुद्ध कडकनाथमध्ये रोधक नसतो. लेगहॉर्नसारख्या पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या जातींत तो असतो. सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न यांच्या संकरातला हा गुंता बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी १९११ मध्येच मांडला होता. तेव्हा ही काही नवी विद्या नाही, फक्त बाजारात कोणी सांगत नाही.

आता हिशोब करा. कडकनाथचा एक शुद्ध कोंबडा घेतला आणि लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळतात त्या फिक्या पायाच्या, दहा माद्यांवर सोडला. मुलींना झेड फक्त बापाचा, त्यात रोधक नाही, त्यामुळे मुली काळ्या. मुलांना एक झेड आईचा, त्यात रोधक आहे, त्यामुळे मुलगे फिकट, कुठे राखाडी कुठे गुलाबी. म्हणजे पहिली तक्रार, «माद्या काळ्या, नर फिके», ही तक्रार नसून निदानच आहे. बाप कडकनाथ, आया कुठल्यातरी फिक्या पायाच्या जातीच्या. विकणारा नमुना दाखवायला नेहमी तलंगाच, म्हणजे तरुण माद्याच, का बाहेर काढतो, तेही यात आलं.

उलट जोडी लावली, म्हणजे आई कडकनाथ आणि बाप लेगहॉर्न, तर नर-मादी सगळ्यांकडे रोधक येतो आणि सगळीच फिकी निघतात. अशी जोडी विकणारा लावत नाही, त्याला परवडत नाही.

पकडायला सर्वात अवघड संकर गावरानशी होतो. आपल्याकडे निळसर-काळ्या नळ्यांच्या गावरान कोंबड्या भरपूर आहेत. त्यांच्यात रोधक नसतो, नुसता काळेपणाचा गुण नसतो. त्यांच्यावर कडकनाथ कोंबडा सोडला तर नर-मादी दोन्ही काळे, जवळजवळ शुद्धासारखे. पण प्रत्येकाकडे काळेपणाच्या जनुकाची दोनऐवजी एकच प्रत, बापाकडून आलेली. अशा भावंडांची आपसात जोडी लागली की चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून कोरं निघतं. दुसरी तक्रार ती हीच.

त्यात एक मेख आहे. कळपातला कोंबडा शुद्ध आणि माद्या संकरित असतील तर गोरं पिल्लू एकही निघत नाही, कारण बापाकडून काळेपणाची प्रत प्रत्येकाला मिळतेच. «माझ्याकडे दोन वर्षांत एकही पांढरं पिल्लू नाही» हे विक्रेत्याचं बोलणं खरं असू शकतं, आणि कळप तरीही भेसळीचा असू शकतो. तुमच्याकडे त्या पिल्लांची आपसात जोडी लागेल तेव्हा ते उघड होईल.

तेव्हा काळेपणा नसेल तर पक्षी बाद, इतकं नक्की. काळेपणा असेल तर तपासणी तिथून सुरू होते.

पक्षी हातात घेतल्यावर

सकाळच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली राखाडी पाय काळे दिसतात, आणि मोबाइलच्या फोटोत तर काय वाटेल ते दिसतं. पक्षी काखेत धरा, पंख मिटलेले, पाय तुमच्या बोटांत.

पाऊल उलटं करा. तळवा हा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. नळी काळी असणाऱ्या जाती बऱ्याच आहेत. ऑस्ट्रॅलॉर्प या परदेशी जातीची नळी काळी असते, पिसं हिरवट चमकीची काळी असतात आणि नवखा माणूस हमखास फसतो. पण ऑस्ट्रॅलॉर्पचा तळवा गुलाबी-पांढरा असतो. कडकनाथचा तळवा गडद राखाडी, बोटांच्या बेचक्यातली कातडीसुद्धा.

मग चोच. अंगठा आणि तर्जनी चोचीच्या कोपऱ्यांत घालून हलकेच उघडा. जीभ राखाडी ते जांभळट हवी, टाळूही गडद. जीभ शाईसारखी काळीकुट्ट असलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. तो निकष सेमानीचा आहे आणि फिरत्या व्हिडिओंमुळे कडकनाथला चिकटला आहे. टाळू गुलाबी असेल तर मात्र पुढे बघायची गरज नाही.

पंख उचलून काखेतली पिसं बाजूला करा, कातडी बघा. मलद्वाराभोवतीची कातडी बघा. या दोन जागा कोणी रंगवत नाही आणि ऊनही लागत नाही. संकरित पक्ष्यात इथे ठिपके-ठिपके दिसतात, काळ्यामध्ये गुलाबी बेटं.

तुऱ्याबाबत गोंधळ फार. कडकनाथचा तुरा आणि चोचीखाली लोंबणारं मांस राखाडी-जांभळं असतं, पण वयात आलेला, माजावर असलेला कोंबडा रक्ताने भरला की तुऱ्यावर लालसर झाक येते. ती दिसली की पक्षी टाकून देणारेही आहेत. चांगले कोंबडे असे कापले जातात. खात्री करायची तर तुरा चिमटीत धरून दोन-तीन सेकंद दाबा आणि सोडल्या क्षणी बघा. रक्त सरकल्यावर खालचा रंग उघडा पडतो. खाली राखाडी-पाटीसारखा रंग दिसला तर काळेपणा मुळात आहे, लाली रक्ताची आहे. खाली फिका गुलाबी-पांढरा दिसला तर काळेपणा नाहीच.

हीच चिमूट दुसऱ्या कारणासाठीही कामाची. आजारी कोंबडीचा तुरा निळा-जांभळा पडतो, रक्तात प्राणवायू कमी पडला की. मरगळलेला, मान टाकलेला, जांभळ्या तुऱ्याचा पक्षी «अस्सल काळा» म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो. दाबल्यावर जांभळा रंग पळाला तर तो रक्ताचा होता. असा पक्षी घेऊ नका, आणि घरी गेल्यावर स्वतःच्या कोंबड्यांत जाण्याआधी हात-चपला धुवा.

शेवटी ओला कापूस नळीवरून आणि पिसांच्या मुळांवरून घासा. रंगवलेली पिल्लं आठवडी बाजारात उघड विकली जातात, गुलाबी-हिरवी. काळा रंग मिळत नाही असं थोडंच आहे.

काळ्या रंगाला न झाकता येणाऱ्या खुणा

काळेपणाचा गुण कातडी झाकतो, सांगाडा झाकत नाही. कडकनाथला चार बोटं आणि एकेरी, करवतीसारखा दात्यांचा उभा तुरा असतो. तुरा बसका, वाटाण्यांच्या तीन ओळींसारखा असेल तर असील किंवा तत्सम झुंजीच्या जातीचं रक्त आहे. असा तुरा एकेरीवर प्रबळ असतो, त्यामुळे अर्ध्या रक्तातही लगेच दिसतो. सोबत छाती रुंद, मान ताठ, नळ्या जाड दिसतील. अक्रोडासारखा गोळा तुरा, पाचवं बोट, डोक्यावर पिसांचा झुपका किंवा नळीवर पिसं दिसली तर सिल्की. हे सगळं काळं असूनही कडकनाथ नाही. एकेरी तुरा मात्र शुद्धतेचा पुरावा धरू नका, कारण तो लेगहॉर्नचाही एकेरीच असतो.

कानाची पाळी पांढरी असेल तर लेगहॉर्नचा वास आहे. कडकनाथच्या पाळीला निळसर चमक असते. नळीवर हिरवट झाक असेल तर खाली पिवळ्या कातडीचा गुण दडलाय.

पिसांचे आडवे पट्टे, अंगभर, काळा-पांढरा-काळा-पांढरा, हे प्लायमाउथ रॉकसारख्या पट्टेरी जातीचं रक्त. इथे एक सावधगिरी हवी. कडकनाथचे तीन प्रकार मान्य आहेत: पूर्ण काळा, पेन्सिल आणि सोनेरी. पेन्सिलमध्ये मानेच्या पिसांना पांढरी-चंदेरी कड असते, सोनेरीत ती सोनेरी. कड म्हणजे पट्टा नाही. एक पीस उपटून तळहातावर ठेवा: रंग पिसाच्या काठाने लांबीत चालला असेल तर ठीक, पीस आडवं कापत गेला असेल तर संकर. सोनेरी मानेचा कोंबडा «गावरान मिसळलाय» म्हणून नाकारणारे गिऱ्हाईक बरेच, आणि त्याच फेरीत काळ्या पिसांचा ऑस्ट्रॅलॉर्प संकर घरी नेणारेही तेच.

वजन हा आणखी एक कस. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथचे जे आकडे दिलेत त्यात २० आठवड्यांचं सरासरी वजन ९२० ग्रॅम आहे, पहिलं अंडं साधारण १८० दिवसांना, वर्षाला १०५ अंडी. पूर्ण वाढलेला कोंबडा दीड ते दोन किलो, मादी एक ते दीड. दोन महिन्यांत किलोभर झालेला «कडकनाथ» विकणाऱ्याच्या खाद्याची कमाल समजू नका. त्यात रंगीत ब्रॉयलर किंवा दुसरी जड जात आहे.

याच संस्थेची कारी श्यामा ही जात माहीत असायला हवी. ती कडकनाथ आणि संस्थेचीच कारी रेड यांचा अधिकृत संकर आहे: कातडी, चोच, नळ्या, तळवे गडद राखाडी, पिसं बहुरंगी पण काळ्याकडे झुकलेली, २० आठवड्यांना नर १४६० आणि मादी ११२० ग्रॅम, वर्षाला २१० च्या आसपास अंडी. पक्षी उत्तम आहे. अंड्यांसाठी पाळायचं असेल तर कडकनाथपेक्षा परवडेल. वाद फक्त तिला कडकनाथच्या नावाने आणि भावाने विकण्याबद्दल आहे. कोणी «वर्षाला दोनशे अंडी देणारा कडकनाथ» सांगत असेल तर तो काय विकतोय ते आता कळेल.

एक पक्षी कापून बघायची तयारी असेल तर श्वासनळी, हृदयाचा वरचा भाग, आतड्याचे पडदे आणि तंगडीच्या हाडावरचा पापुद्रा बघा. हे काळे हवेत. छातीचं मांस मांडीपेक्षा फिकं असू शकतं. रक्त लालच असतं, नेहमीपेक्षा किंचित गडद. «काळं रक्त» ही जाहिरात आहे.

एक दिवसाची पिल्लं

इथे लव फसवते. काळी लव आणि काळी कातडी हे वेगवेगळे गुण आहेत. ऑस्ट्रॅलॉर्पचं पिल्लूही वरून काळं असतं. बहुतेक फसवणूक याच वयात होते, कारण तुरा म्हणजे अजून नुसती रेघ असते, आणि लाली दिसायला तीन-चार महिने जातात.

पिल्लू तळहातावर उताणं घ्या आणि पोटावर फुंकर मारा. लव दुभंगेल. खाली गडद कातडी दिसली पाहिजे. गुलाबी-पिवळसर पोट, वर काळी लव: नेहमीची काळी कोंबडी. मग तळवा, मग चोच उघडून टाळू. कडकनाथचं पिल्लू निळसर ते काळं, पाठीवर अनियमित गडद रेघा असलेलं असतं, त्यामुळे सगळी पिल्लं एकसारखी डांबरी काळी नाहीत म्हणून घाबरू नका. डोक्याच्या मागच्या बाजूला ठळक पांढरा ठिपका असेल तर पट्टेरी जातीचा गुण आहे. असं पिल्लू मोठेपणी पट्टेदार होईल.

वजनकाटा न्या, स्वयंपाकघरातला चालेल. पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश असतं. कडकनाथचं अंडं ४० ते ५० ग्रॅमचं, म्हणजे पिल्लू २७ ते ३३ ग्रॅम. दहा पिल्लं टोपलीत ठेवून एकत्र वजन करा. ४०० ग्रॅमच्या वर गेलं तर अंडी मोठ्या जातीच्या कोंबड्यांची होती, म्हणजे आया कडकनाथ नव्हत्या. कोवळ्या तलंगांच्या अंड्यांतली पिल्लं हलकी असतात, त्यामुळे हलकं वजन शुद्धतेचा पुरावा नाही. जड वजन मात्र दोषाचा पुरावा आहे.

पन्नासपैकी किमान दहा तपासा आणि ती स्वतः, खोक्याच्या तळातून, हात घालून काढा. वरच्या थरातली विकणाऱ्याने रचलेली असतात.

आणखी एक गोष्ट दोन महिन्यांनी कळते. नर-मादी प्रमाण साधारण निम्मं-निम्मं हवं. पन्नासात पंचेचाळीस नर निघाले तर तो योगायोग नाही. लेअर हॅचरीत पहिल्या दिवशी लिंग ओळखून माद्या वेगळ्या काढतात आणि उरलेले नर मातीमोल जातात. तेच फिरत्या विक्रेत्यांच्या पाट्यांत येतात.

उबवणीची अंडी

अंड्यावरून जात ठरवता येत नाही, इथूनच सुरुवात करा. कवचाचा रंग आणि आकार आईचा असतो. बाप कोण होता हे कवचावर कुठेच लिहिलेलं नसतं. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाकेचं. पांढरंशुभ्र कवच असेल तर आई लेगहॉर्नच्या रक्ताची, गडद तपकिरी आणि ५५ ग्रॅमच्या वर असेल तर तपकिरी लेअरच्या रक्ताची. काळ्या कवचाची अंडी ही फोटोतली गंमत आहे, कुठलीच कोंबडी तशी घालत नाही. आतला बलक आणि पांढरंही नेहमीसारखंच.

म्हणजे अंड्यातून फक्त चुकीची आई पकडता येते. बाप पकडायचा तर कळप बघायला जावंच लागतं. तिथे कोंबडे मोजा. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा हे चांगलं प्रमाण. चाळीस माद्या आणि एकच कोंबडा असेल तर निम्मी अंडी वांझ जातील आणि पुढच्या वर्षी सगळी पिल्लं सावत्र भावंडं. कुंपण बघा. कळप मोकळा सुटत असेल आणि शेजारच्या उकिरड्यावर गावरान कोंबडा आरवत असेल तर बाकीची चौकशी कशाला.

एक प्रश्न जरूर विचारा: हा कोंबडा कळपात कधीपासून आहे? मादीच्या अंडनलिकेत शुक्राणू दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात. जुना कोंबडा काढून आज शुद्ध कोंबडा आणला तरी पुढचे दोन-तीन आठवडे जुन्याचीच पिल्लं निघू शकतात. तीन आठवडे पूर्ण झाल्यानंतरचीच अंडी घ्या. प्रश्न ऐकून विकणारा गोंधळला तर त्याने हा विचार केलेला नाही, आणि तेवढं उत्तर पुरे.

कमी पिल्लं निघाली म्हणून फसवणूक झाली असं लगेच समजू नका. इज्जतनगरच्याच आकड्यांत कडकनाथची फलनक्षमता ५५ टक्के आणि फलित अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण ५२ टक्के आहे. शंभर अंडी लावली तर ५५ फलित, त्यातून २८-२९ पिल्लं. चांगल्या कळपात यापेक्षा बरं निघतं, पण शंभराला नव्वद पिल्लांची हमी कोणी देत असेल तर कळप कडकनाथचा आहे का, हे आणखी बारकाईने बघा. फलित आहे की नाही ते दोन-तीन अंडी फोडून कळतं: बलकावरचा पांढरा ठिपका कडीसारखा, मधे वर्तुळ असलेला दिसला तर फलित, भरीव, वेडावाकडा ठिपका असेल तर वांझ.

एसटीने किंवा पार्सलने आणलेली अंडी रुंद टोक वर करून १२ ते २४ तास स्थिर ठेवा, मगच लावा. सात दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका. सातव्या दिवशी दिव्यावर धरून बघा, अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद. हे नेहमीचंच. कडकनाथ मादीच्या खुडूकपणावर विसंबू नका, ती रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, नीट बसत नाही. गावरान कोंबडीखाली लावणार असाल तर तिची स्वतःची अंडी आधी काढून टाका आणि कडकनाथच्या अंड्यांवर पेन्सिलीने फुली मारा. नाहीतर एकविसाव्या दिवशी निघालेलं गोरं पिल्लू कोणाचं यावर तुमचं आणि विकणाऱ्याचं भांडण होईल, आणि चूक तुमची असेल.

कागदपत्रं

झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मांसासाठी. त्या प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलवर दाखवणारा विक्रेता तुमच्या हातातल्या पिल्लाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. त्यापेक्षा बिल मागा आणि त्यावर हे लिहून घ्या: जात आणि प्रकार, पिल्लं निघाल्याची तारीख, मातृकळप स्वतःचा की अंडी बाहेरून आणलेली, पहिल्या दिवशी मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस दिली का. अंडी बाहेरची असतील तर हॅचरी कितीही मोठी असो, जातीबद्दल तिला तुमच्याइतकंच माहीत आहे. कृषी विज्ञान केंद्रं किंवा सरकारी प्रक्षेत्रांकडे नोंदणी करून वाट बघावी लागते, महिने जातात. तरी पैदाशीसाठीचे पहिले वीस पक्षी तिथूनच घ्या. विक्रीची पिल्लं नंतर घरीच तयार होतील.

वाढवलेले पक्षी किंवा अंडी विक्रेताच परत विकत घेईल, अशा परतखरेदीच्या कराराला जातीचा पुरावा समजू नका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात अशा योजना कोसळल्या तेव्हा लोकांच्या हातात पक्षी उरले, आणि ते कुठल्या प्रतीचे आहेत हे स्वतःच शोधावं लागलं.

पक्षी आधीच घेतले असतील तर

चार महिन्यांचे झाले की तीन गट करा. टाळू किंवा तळवा गुलाबी असलेले पहिल्या गटात, ते पैदाशीतून ताबडतोब बाद. दुसऱ्या गटात काळे पण परक्या खुणांचे: वाटाणा तुरा, पाचवं बोट, आडवे पट्टे, पांढरी पाळी. तेही पैदाशीतून बाद, मांसासाठी किंवा खायच्या अंड्यांसाठी ठेवा आणि विकताना «कडकनाथ क्रॉस» म्हणून विका. तिसरा गट सर्व तपासण्यांत उतरलेला. त्यातल्या कोंबड्याची परीक्षा घ्यायची.

निळसर-काळ्या नळ्यांच्या पण गोऱ्या कातडीच्या दोन-तीन गावरान तलंगा घ्या, ज्या अजून कोणत्याही कोंबड्याला लागलेल्या नाहीत. अंड्यावरच्या कोंबड्या असतील तर तीन आठवडे वेगळ्या ठेवा. त्यांच्यावर हा एकच कोंबडा सोडा. गावरानच का, तर त्यांच्याकडे रोधक नसल्याने निकाल स्वच्छ दिसतो. लेअर माद्या वापरल्या तर मुलगे फिके निघून उगाच चांगल्या कोंबड्यावर आळ येईल. निघालेल्या पिल्लांचे तळवे आणि पोटं पहिल्या-दुसऱ्या दिवशी बघून वहीत लिहा. कोंबड्याकडे काळेपणाची एकच प्रत असेल तर निम्मी पिल्लं गोरी निघतात. सात पिल्लं सलग काळी निघण्याची शक्यता अशा कोंबड्याच्या बाबतीत १२८ मध्ये एक. दहा-बारा पिल्लं बघितली आणि एकही गोरं किंवा फिकं नसेल तर हा कोंबडा काळेपणाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी पक्का. एक जरी नि:संशय गोरं निघालं तर बाराची वाट बघू नका.

माद्यांची परीक्षा जास्त वेळखाऊ, कारण प्रत्येकीची अंडी वेगळी ओळखावी लागतात. तिथे गोऱ्या कातडीचा, निळसर नळ्यांचा गावरान कोंबडा वापरा. मादीला एकटीला खणात ठेवून तिच्या अंड्यांवर तिच्या पायातल्या रिंगचा नंबर लिहा. फलित अंडी कमी निघतात, म्हणून एका मादीमागे वीस-पंचवीस अंडी धरा, म्हणजे अडीच-तीन महिने. सगळ्यांची करायला जमणार नाही. सर्वात चांगल्या पाच-सहा निवडा आणि त्यांच्यावरच पुढचा कळप उभा करा.

ही परीक्षा काळेपणाची आहे. एखाद्याने संकर चार-पाच पिढ्या पुन्हा पुन्हा शुद्ध कोंबड्यावर नेला असेल तर तो पक्षी इथे पास होईल, आणि वजन, अंड्याचा आकार, तुरा यांतूनच कुठेतरी मूळ डोकावेल. म्हणून परीक्षेत पास झालेल्या पक्ष्यांच्या पिल्लांचंही २० आठवड्यांचं वजन आणि पहिल्या अंड्याची तारीख लिहून ठेवा. आणि परीक्षा संपवून कोंबडा परत कडकनाथ माद्यांत सोडताना, त्या माद्यांत मधल्या काळात दुसरा कोणी कोंबडा असेल तर तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा, उबवायला लावू नका.